वेग बघायला डावीकडे

लेक परदेशी निघाली त्याच्या आदल्या रविवारी तिने आपली गाडी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत आणून लावली आणि खालून फोन केला. "आई, खाली ये. वीस मिनिटांत सगळं दाखवते."

मी खाली गेले, गाडीत बसले आणि स्टिअरिंगच्या मागे बघितलं. तिथे काही नव्हतं. वेगाचा काटा नाही, आकडे नाहीत, दिवे नाहीत. नुसता करडा, गुळगुळीत डॅशबोर्ड आणि त्याच्यापलीकडे काच.

"समोर काहीच नाही की गं."

"आहे ना. सगळं इथेच आहे." तिने मधल्या स्क्रीनवर बोट ठेवलं. स्वयंपाकघरातल्या पोळपाटाएवढा तो स्क्रीन डाव्या हाताला उभा होता. वेग त्याच्यात, आरसे त्याच्यात, एसी त्याच्यात. कागद ठेवायचा कप्पासुद्धा त्याच्यातूनच उघडायचा.

"म्हणजे वेग बघायला मान डावीकडे वळवायची?"

"नुसती नजर टाकायची, आई. सवय होते."

सवय होते, हे वाक्य मी त्या वर्षात फार ऐकलं होतं. फेब्रुवारीत ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाजू थोडी परत आली, काठी घेऊन चालण्यापुरती. वाचेचं मात्र कुलूप उघडेना. हे मूळचे अमरावतीकडचे. पस्तीस वर्षं पुण्यात काढली, माझ्यासारख्या पुणेकरणीशी संसार केला, तरी "हो" म्हणायला "हाव" हाच शब्द राहिला होता. झटक्यानंतर तेवढाच एक शब्द शिल्लक उरला. चहा हवा का, तर "हाव". नको का, तर "हाव". चहा आणून ठेवला की कप डाव्या हाताने दूर सारायचे. म्हणजे नको होता.

फिजिओथेरपी आणि बोलण्याची थेरपी, दोन्ही नारायण पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये होती. आठवड्यातून तीन दिवस. रिक्षात ह्यांना पाय उचलून चढता येईना. टॅक्सी बोलावली की चालक आधी तोंड वाकडं करायचा आणि मग घड्याळ बघायचा. आमची जुनी गाडी होती, पण क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा कामातून गेला होता. ती देऊन टाकली. म्हणून लेक म्हणाली, "माझी ठेव. क्लच नाही, गिअर नाही. दोन वर्षं तशीही पडून राहणार."

मी एकोणसाठ वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली भूगोलाची शिक्षिका. नकाशे शिकवले आयुष्यभर. आणि हे एका कारखान्यात मापयंत्रं तपासायच्या विभागात होते. दाबाची, तापमानाची गोल गोल मीटरं दिवसभर यांच्या टेबलावर यायची. काटा किती हलतो, किती चुकतो हे बघून त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे काम. बोलता येत असतं तर काटा नसलेल्या त्या गाडीविषयी ते निदान अर्धा तास बोलले असते. त्या रविवारी मी त्यांना खाली आणून डावीकडच्या सीटवर बसवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या समोरच्या रिकाम्या डॅशबोर्डकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. "हाव," म्हणाले. हो की नाही, ते मला विचारायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी स्वारगेटपर्यंत किती वेगाने गेले मला माहीत नाही. नजर टाकायची हिंमतच झाली नाही. डाव्या बाजूला तो पडदा सतत काहीतरी दाखवत होता. आजूबाजूच्या स्कूटरी त्यात करड्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. पुण्यात तसे ठिपके किती असतात ते सांगायला नको.

टिळक रस्त्यावरून नारायण पेठेत शिरले, तर क्लिनिकच्या गल्लीत गाडी लावायची तिरकी जागा. मागे घेताना स्क्रीनवर मागचं चित्र आलं. त्यात बघू की आरशात, हे ठरेना. तीनदा पुढे, तीनदा मागे. समोरच्या ओट्यावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. चौथ्या वेळी त्यांनी पेपर खाली घेतला.

"एवढा मोठा टीव्ही लावलाय गाडीत. त्यात बघूनही येत नाही का?"

"येईल," मी म्हटलं.

"आम्ही इथेच आहोत," ते म्हणाले आणि पेपर वर घेतला.

गाडीला आणखी एक खोड होती. दार उघडून मी बसले की सीट आपोआप मागे सरकायची, आरसे वर व्हायचे, आणि स्क्रीनवर लेकीच्या नावाने नमस्कार यायचा. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच. रोज सकाळी गाडी तिच्या मापाची व्हायची आणि रोज मी ती माझ्या मापाची करत बसायची. तिची आठवण येऊन दोनचारदा डोळे भरून आले, आणि नंतर नंतर नुसताच वैताग येऊ लागला. शेवटी व्हिडिओ कॉलवर तिने एकेक पायरी सांगितली आणि माझं वेगळं खातं उघडून दिलं. "नाव काय घालू?" मी विचारलं. "आई घाल," ती म्हणाली. मी माझं पूर्ण नाव घातलं. आई म्हणून हाक मारायला गाडी कशाला हवी?

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सातारा रस्त्यावर थोडा मोकळा पट्टा मिळाला होता. बाजूने आवाज आला.

"बेचाळीस."

मला वाटलं रेडिओ लागला. मी डावीकडे बघितलं. स्क्रीनवर बेचाळीस होते. हे त्या आकड्याकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"त्रेचाळीस," हे म्हणाले. ळ अगदी स्पष्ट, पूर्वीसारखा.

मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. मागच्या बसने हॉर्न वाजवला तशी पुन्हा निघाले. क्लिनिकमधली स्पीच थेरपिस्ट तिशीतली मुलगी. तिला सांगितलं तर ती हसली. "काकू, आकडे, वार, महिने, जे पाठ असतं ते आधी परत येतं कधीकधी. समोर दिसतंय, वाचू द्या. मोठ्याने वाचू द्या."

मग हे वाचायला लागले. बिबवेवाडीपासून नारायण पेठेपर्यंत. एकतीस. बत्तीस. एकतीस. अठ्ठावीस. सिग्नलला गाडी उभी असली की "शून्य", आणि नव्वद सेकंद थांबलो तर नव्वद सेकंदांत चार वेळा "शून्य". मधेच चुकायचे. सदतीसचे त्र्याहत्तर व्हायचे, मग स्वतःच चिडायचे, मांडीवर मूठ मारायचे. नवऱ्याला वाचा यावी म्हणून नवस बोलायच्या बेतात असलेली बाई मी. दोन आठवड्यांत, आता पाच मिनिटं गप्प बसा, असं मनातल्या मनात म्हणू लागले. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

तेवढ्यात त्यांना स्क्रीनला हात लावायचा नाद लागला. तो फिजिओथेरपिस्टने लावलेला. उजव्या हाताला विसरू द्यायचं नाही, डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं आणि तो हात कामाला न्यायचा. घरी हे काही जमत नव्हतं. नळ फिरवायला पकड लागते, दिव्याचं बटण दाबायला जोर लागतो. गाडीतल्या स्क्रीनला नुसतं टेकलं तरी पुरायचं. ऑगस्टमध्ये एकदा झिमझिम चालू असताना समोरची काच आतून धूसर झाली. मी एका हाताने फडकं शोधत होते, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलेलं, आणि काच स्वच्छ करायची खूण स्क्रीनच्या कुठल्या पानावर आहे ते आठवेना. ह्यांनी आपलं उजवं मनगट उचललं, सावकाश पुढे नेलं, आणि तर्जनी एका चित्रावर टेकवली. मग दुसऱ्या. गरम हवेचा झोत काचेवर आला आणि खालून वर काच उजळत गेली.

मी म्हटलं, "तुम्हाला कसं सापडलं?"

त्यांनी खांदा उडवला. एकच खांदा, डावा.

तेव्हापासून एसी त्यांच्याकडे. मला गार चालत नाही, त्यांना गारच हवं असतं, हे भांडण आमचं लग्नापासूनचं. आता मी काही करू शकत नव्हते. मी शाल घेऊन गाडी चालवायला लागले.

पण मी दमत चालले होते. सकाळी त्यांची आंघोळ, नाश्ता, गोळ्या, मग गाडी, मग जिने, मग क्लिनिकमध्ये दोन तास बाकावर, मग परत. उरलेल्या दिवशी घरातला व्यायाम. बोलणारं माणूस घरात कुणी नाही. लेकीचा फोन आला की मी सगळं छान आहे म्हणायची. शेजारीण एकदा म्हणाली, "तुम्ही मात्र कमाल करता हो." मला तिचा राग आला. कमाल करायची कुणाला हौस होती?

दसरा होऊन गेल्यावर एक दिवस आम्ही परत येत होतो. डावीकडे पीएमपीची बस, उजवीकडे दुभाजक, पुढे सगळं खोळंबलेलं. ह्यांनी मनगट उचलून हात स्क्रीनकडे नेला. हात थरथरला आणि भलतीकडेच टेकला. एकदम रेडिओ मोठ्याने सुरू झाला, वेगाचा आकडा गेला, त्याच्या जागी कसलीतरी यादी उघडली. मी यादीकडे बघितलं, आणि वर बघते तर पुढची रिक्षा थांबलेली. ब्रेक मारला. मागून एक स्कूटर येऊन बंपरला टेकली. धक्का फारसा नव्हता. स्कूटरवाला उतरून काचेपाशी आला, "काकू, बघून चालवा ना यार," म्हणाला आणि निघून गेला. कुणाला काही लागलं नव्हतं.

रेडिओ चालूच होता. तो बंद कसा करायचा ते मला सापडेना. त्या आवाजावर आवाज चढवून मी ओरडले.

"हात लावू नका! किती वेळा सांगू? एक तर धड बोलता येत नाही, आणि वर हा उपद्व्याप! मी एकटीने काय काय बघायचं?"

ह्यांनी हात मागे घेतला. डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर डावा हात झाकला. घरी पोचेपर्यंत कुणी वेग वाचला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही. काच धूसर झाली तरी हे समोर बघत बसायचे. क्लिनिकमध्ये एक ते दहा म्हणायला सांगितलं, तर तोंड मिटलेलं. थेरपिस्टने मला बाहेर घेऊन विचारलं, "काकू, घरी काही झालं का? काका आकडेसुद्धा म्हणत नाहीयेत."

"झोप झाली नसेल," मी म्हटलं.

पुण्यात पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला तोंडावर खोटं बोलणं जड जात नाही. खरं बोलणं जड गेलं. आमच्या लग्नात माफी मागायची पद्धत नव्हती. भांडण झालं की हे दुसऱ्या दिवशी वाल सोलायला बसायचे, मी समजायची. आता वाल सोलायला दोन हात लागतात. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी थांबवल्यावर मी बोलायचा प्रयत्न केला. "मी त्या दिवशी जे बोलले ते... मी फार दमले होते हो. तसं म्हणायचं नव्हतं."

हे समोरच्या खांबाकडे बघत होते. "हाव," म्हणाले. त्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा, हे मला रात्रभर कळलं नाही.

असे पाच-सहा आठवडे गेले. थंडी पडली. हडपसरच्या पलीकडे मांजरी गावात लेकीचा फ्लॅट बंद होता, त्याच्या खाली राहणाऱ्या बाईंचा एका सकाळी फोन आला. छतातून पाणी गळतंय, येऊन बघा. ह्यांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून दोघं निघालो. हडपसरची गर्दी संपून मांजरीच्या रस्त्याला लागलो. नव्या इमारतींच्या मधे अजून उसाचे तुकडे उभे आहेत तिथे. पुढे उसाने लादलेली ट्रॉली, मागे डंपर, रस्त्याची कड खणलेली. आणि स्क्रीन काळा झाला.

एकदम, आवाज न करता. वेग गेला, नकाशा गेला, आकडे गेले, एसीचा झोत थांबला. माझ्या समोर आधीपासून काहीच नव्हतं, आता बाजूलाही काही राहिलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "बंद पडला. काहीच दिसत नाही. मी काय करू?" पाय ब्रेकवर गेला. मागच्या डंपरने जोरात हॉर्न दिला. थांबायला जागा नव्हती. 

"चाल," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत नव्हते. समोर रस्त्याकडे बघत होते.

"चाल... चाल. गाडी चालून राह्यली नं. चाल मंग."

एवढं मोठं वाक्य. दहा महिन्यांत तीन शब्द सलग नव्हते आले. ते अडखळत आलं, गाडीऐवजी आधी "गादी" झालं, पण आलं. मी पाय ब्रेकवरून काढला. ट्रॉलीच्या मागे मागे, उसाची पानं रस्त्यावर पडत होती त्यांच्यावरून, गाडी नेली. थोड्या वेळाने हे म्हणाले, "तीस." कशावरून, कोण जाणे. ट्रॉली वळली, मी जरा दाबलं. "चाळीस. बस." मी बस केलं.

मोकळी जागा मिळाली तिथे थांबले. रसाच्या गुऱ्हाळाशेजारी एक गावकरी गृहस्थ उभे होते, गांधी टोपी, पायात बूट. ते वाकून म्हणाले, "काय झालं ताई? बंद पडली का गाडी?"

"गाडी चालू आहे. हा पडदा बंद पडलाय."

त्यांनी आत डोकावून बघितलं. "मग चालू हाय की," म्हणाले आणि रस प्यायला गेले.

लेकीला फोन लावला. तिथे पहाट होती, ती झोपेतून उठून बोलली. स्टिअरिंगवरची दोन बटणं एकदम दाबून धर, म्हणाली. धरली. मिनिटभराने स्क्रीन उजळला आणि माझं पूर्ण नाव लिहून नमस्कार केला. पुढे सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, अपडेट टाकून देतो. त्यांनी ते टाकलं. त्यानंतर एकदा पुन्हा झालं.

फ्लॅटमध्ये न्हाणीघरातला नळाचा जोड सुटला होता. मी पाण्याचा कॉक बंद केला, फरशी पुसली, प्लंबरची वाट बघत बसले. हे हॉलमध्ये लेकीच्या खुर्चीवर बसले होते. मी ओल्या हाताने त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "त्या दिवशी मी फार वाईट बोलले," म्हटलं. ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि ओढून शेजारच्या खुर्चीकडे खूण केली. बस, म्हणून. मी बसले. प्लंबर येईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

पुढच्या फेरीला मी थेरपिस्टला सगळं सांगितलं. ओरडल्याचंसुद्धा. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "काका, काकूंना काय म्हणालात गाडीत? पुन्हा म्हणा बघू." हे बराच वेळ तोंड हलवत राहिले. घाम आला. शब्द आला नाही. "राहू दे," ती म्हणाली, "एकदा आलं म्हणजे रोज येईल असं नसतं, काकू."

ते खरं निघालं. आकडे मात्र परत आले, तेही आपल्या मर्जीने. काही दिवस अख्खा रस्ता मोजतात, काही दिवस एक शब्द नाही. मीच कधी विचारते, "किती हो?" मान वळवायचा कंटाळा येतो म्हणून. बरोबर असेल तर बरोबर, नाहीतर अंदाज. काच धूसर झाली की त्यांचा हात जातो. हात चुकला तर मी गाडी बाजूला घेते आणि ते पुन्हा लावतात. अशाने नारायण पेठेला पोचायला पाऊण तासाचा सव्वा तास होतो.

लेकीचं काम वर्षभर वाढलंय. गाडी आमच्याकडेच राहणार. आता मी घाबरत नाही, नुसती दमते. परवा क्लिनिकमधून आलो, पार्किंगमध्ये गाडी बंद केली, आणि दोघांतही उतरायचं त्राण उरलं नव्हतं. बसून राहिलो. बराच वेळ झाला असेल, कारण वॉचमनने येऊन काचेवर टकटक केली.

"मॅडम, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. दमलोय जरा."

तो गेला. मी उतरले, पलीकडे जाऊन त्यांचं दार उघडलं, काठी हातात दिली. आधी डावा पाय बाहेर, मग उजवा, शिकवलंय तसं. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. आम्ही भिंतीला टेकून तिची वाट बघत उभे राहिलो.